नाल्याची वळणं परत देताना

ढग दाटून आले की मला घरात बसवत नाही. नोकरी संपली की ही खोड जाईल, अशी घरच्यांची समजूत होती. ती गेली नाही. बुलडाण्यात आमच्या गच्चीवरून घाटाखालचं आभाळ दिसतं. तिकडे काळं झालं की मी तीनदा वर जाते, तीनदा खाली येते, मग मोबाइल घेऊन कुणाला तरी फोन लावत बसते. "पगार बंद झाला तरी ड्युटी चालूच आहे हिची," असं आमचे हे पाहुण्यांना सांगतात. पाहुणे हसतात. मी चहा ठेवते आणि कान बाहेर ठेवते.

जलसंधारण खात्यात मी अभियंता होते. सगळं आयुष्य नाले, ओढे, बंधारे आणि चिखल यांत गेलं. कुठे लागले, कधी बढती झाली, हे सांगण्यात मला रस नाही आणि वाचणाऱ्यालाही नसावा. मी एकाच नाल्याची गोष्ट सांगणार आहे, कारण तो अजून माझ्या डोक्यातून वाहतो.

आधी नाला म्हणजे काय ते सांगते. नाला म्हटलं की शहरातल्या माणसाचा रुमाल नाकाकडे जातो. आमच्याकडे नाला म्हणजे लहान नदी. डोंगरातून उतरते, पावसाळ्यात गर्जते, दिवाळीनंतर बारीक होते आणि उन्हाळ्यात नुसते दगड उरतात. दगड उरले की लोकांना वाटतं, ही रिकामी जागा पडलीय. मग कुणी धुरा, म्हणजे शेताचा बांध, पुढे सरकवतो, कुणी रेती उचलतो, कुणी गावचा कचरा टाकतो. नाला तक्रार करत नाही. पावसाळा आला की मात्र तो आपली जागा शोधत येतो, आणि जागा सापडली नाही की घरात शिरतो.

मोहखेड धामणगाव बढ्याच्या बाजूचं, मोताळा तालुक्यातलं गाव. गावाच्या खालच्या अंगाला, नाल्याला लागून बौद्धांची बस्ती. मधे विहार, त्याच्या पायऱ्यांपासून थोड्याच अंतरावर नाल्याचा काठ. एका पावसाळ्यात भरदुपारी डोंगरात ढग फुटला. गावात फारसा पाऊससुद्धा नव्हता. लोक कामात होते. अर्ध्या तासात पाणी बस्तीत कमरेएवढं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोचले तेव्हा भिंतींवर चिखलाची रेघ ओढल्यासारखी दिसत होती. लोकांनी भिजलेली ज्वारी पत्र्यांवर पसरली होती आणि तिला आंबूस वास यायला लागला होता. विहारातला गाळ बायका घमेल्यांनी बाहेर काढत होत्या. पंचफुलाबाई खाटेवर बसल्या होत्या. खाट घराबाहेर, कारण घराची मागची भिंतच उरली नव्हती. साठी ओलांडलेल्या, सडसडीत बाई. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वावरात निंदणी केलेली. त्यांच्या दोन बकऱ्या खुंट्याला बांधलेल्या होत्या, त्या बांधलेल्याच बुडाल्या.

"मॅडम," त्या म्हणाल्या, "मले बाकी काई नको. अठी भित बांधून द्या. उच्ची. पानी दिसलंच नाही पाह्यजे."

साऱ्या बस्तीची तीच मागणी होती. मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही, आणि नाल्यानं वर चालत निघाले. आमच्या धंद्यात पाणी जिथे घुसतं तिथे कारण क्वचित सापडतं. ते वरच्या बाजूला असतं.

थोडं चालल्यावर दिसलं. नाला तिथे पट्टीनं आखल्यासारखा सरळ होता. कुठलाही ओढा स्वतःहून इतका सरळ जात नाही. काठावरच्या एका म्हाताऱ्याला विचारलं, तर त्यानं हातानं हवेत तीन वळणं काढून दाखवली. "अशी व्हती पयले. मधात डोह व्हता, म्हशी बसत तठी." ही वळणं उत्तमराव नावाच्या शेतकऱ्याच्या वावरात होती. मुलांच्या वाटण्या झाल्या, ट्रॅक्टर आला, आणि वाकड्यातिकड्या काठामुळे तास, म्हणजे नांगराच्या ओळी, सरळ निघेनात, म्हणून त्यांनी एका उन्हाळ्यात पोकलेन लावून नाला सरळ केला. दीड एकर जमीन वहितीत आली. गावात त्यांचं कौतुकही झालं होतं.

यात कुणाचं काय बिघडलं? तर असं की वळणावर पाणी अडखळतं, पसरतं, दम खातं. वळण काढलं की ते तोच उतार कमी अंतरात उतरतं, म्हणजे धावत सुटतं. आधी जे पाणी बस्तीपर्यंत यायला वेळ घ्यायचं, ते आता एकदम, एका लोंढ्यात येत होतं. भिंत बांधली असती तर बस्ती कदाचित वाचली असती, पण तोच लोंढा समोरच्या काठावरच्या शाळेत गेला असता.

मी सुचवलं ते साधं होतं. नाल्याला त्याची वळणं परत द्यायची. काठ उभा न ठेवता एका बाजूनं उतरता करायचा, म्हणजे पूर आला की पाण्याला पसरायला जागा मिळेल. त्या जागेत गवत लावायचं, झाडं लावायची.

हे सांगितलं आणि मी सगळ्यांचीच शत्रू झाले.

ग्रामपंचायतीत बैठक झाली. उत्तमराव पांढऱ्या टोपीत, दाराजवळ बसले होते. वाईट माणूस नव्हे. गावच्या लग्नात पहिला हात त्यांचा असायचा. पण जमिनीचा विषय निघताच त्यांचा आवाज चढला. "मॅडम, पूर आला आभायातून. माहं वावर काय आभायात हाये? मी काऊन देऊ जमीन?"

बस्तीतली पोरंही भडकली. "आमी भित मांगतली. तुमी आमाले नाल्याची वळनं काऊन सांगून राह्यल्या?"

ऑफिसात आमच्या साहेबांनी नकाशा उलटसुलट करून पाहिला. "खोलीकरण धरा ना. किती खोदलं ते मोजता येतं. वळणाचं काय मोजायचं?" त्यांचंही चूक नव्हतं, आमच्याकडे जे मोजता येतं तेच काम ठरतं. पण शेजारच्या तालुक्यात एक नाला असाच खोल खोदलेला मी पाहिला होता. वरचा मुरूम असतो तो पाणी धरून ठेवतो. तिथे खोदणाऱ्यांनी तो सगळा काढून टाकला, तेव्हा नाला दिसायला भव्य झाला आणि आजूबाजूच्या विहिरींचं पाणी झिरपून त्यातच येऊ लागलं. दिवाळीपर्यंत विहिरीही रिकाम्या, नालाही रिकामा.

त्या वर्षी काहीच झालं नाही. प्रस्ताव टेबलावर राहिला. मी दुसऱ्या कामांवर जात राहिले, पण बंधाऱ्यावर उभी असले तरी मन मोहखेडात. बस्तीतलं वामनरावांचं कुटुंब सुरतेला निघून गेलं. जाताना वामनराव एस.टी. स्टँडवर मला भेटले. बायको, मुलं, दोन पेट्या, एक कूलर. "मॅडम, माही बायको आभाय आलं का लेकराले घेऊन रस्त्यावर जाऊन उभी राह्यते," ते म्हणाले. "असं कोठोर चालन?" तो नाला आणखी एक वर्ष तसाच राहिला याची बोच मला आजही आहे.

पुढच्या पावसाळ्यात नाल्यानंच बाजू बदलली. म्हणजे झालं असं की, सरळ केलेला प्रवाह तळ कोरतो, तळ खाली गेला की काठ उभे होतात, आणि उभे काठ ढासळतात. एके दिवशी उत्तमरावांचा काठ मोठ्या कडुनिंबासकट कोसळला. पाण्याच्या मोटारीची खोली निम्मी अधांतरी लटकली. त्यांची विहीर तिथून चार पावलांवर.

फोन त्यांचाच आला. "मॅडम, येऊन जाता का? हा तं मले खाऊन राह्यला."

मी गेले तेव्हा ते काठापासून लांब उभे होते आणि त्यांची बायको, वत्सलाबाई, त्यांचा सदरा मागून धरून उभ्या होत्या. जणू माणूसही त्या काठाबरोबर जाईल.

तरीही त्यांनी घासाघीस केलीच. तीन वळणं नको, एकच द्या. बरं, दोन. सातबारा माझ्याच नावावर राहिला पाहिजे. गवत मी कापणार. मी सगळ्याला हो म्हटलं, पण दोन वळणांवर पाणी थांबणार नाही हेही सांगितलं. तेवढ्यात पंचफुलाबाई बांधावरून आल्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं.

"उत्तमभाऊ," त्या म्हणाल्या, "या वावरात म्या तुमच्या मायच्या टायमापासून निंदलं. ह्या काठाले बसून भाकर खाल्ली. तवा पानी कदी आमच्या घरात नाही आलं. आता बाकीचं तुमी सांगा."

उत्तमरावांनी टोपी काढली, कपाळ पुसलं, परत घातली. मग वत्सलाबाईच म्हणाल्या, "तिनी वळनं घ्या. पन ही मोटारीची खोली वाचवा बाप्पा."

बस्तीनं भिंतीचा हट्ट लगेच सोडला नाही. पंचफुलाबाईंनी घरोघर जाऊन समजूत घातली. काय सांगितलं ते मला माहीत नाही. एका पोरानं मला एवढंच ऐकवलं, "आजी म्हनते म्हनून हो म्हनून राह्यलो. पानी आलं तं तुमाले पाहू." साहेबांना मात्र मी मोजायला काहीतरी दिलं: माती किती घनमीटर हलणार ते. वळणाचं माप शेवटपर्यंत सापडलं नाही.

उन्हाळ्यात काम सुरू झालं. वरची काळी माती उचलल्यावर खाली जुन्या नाल्याचा तळ सापडला. गोल गुळगुळीत गोटे, त्याखाली रेती. बाहेर ऊन अंगावर चटके देत होतं आणि ती रेती गार, ओलसर होती. वीसेक वर्षं कपाशीखाली गाडलेला तो नाला तिथेच होता. उत्तमराव खाली उतरले, मूठभर रेती घेऊन त्यांनी दाबली आणि हात उघडून पाहिला.

उद्घाटनाची गंमत सांगायला हवी. एका पुढाऱ्यांना बोलावलं होतं. ते आले, गाडीतून उतरले आणि इकडेतिकडे पाहू लागले. सिमेंट कुठे आहे? कोनशिला कशावर बसवायची? आमच्या कामात एकही भिंत नव्हती, एकही दरवाजा नव्हता. उतरता काठ, करंज-उंबराची रोपं, वाळ्याच्या ओळी. "नेमकं काय झालंय इथं?" त्यांनी माझ्या कानात विचारलं. मी म्हटलं, "साहेब, नाला वाकडा केलाय." शेवटी एका करंजाच्या रोपाला फीत बांधली आणि ती कापली.

पावसाळ्याची सुरुवात वाईट झाली. नव्या काठाची माती अजून बसलेली नव्हती, गवतानं मूळ धरलं नव्हतं. दोन ठिकाणी काठ घसरला. गावात बोललं जाऊ लागलं की मॅडमनं चांगली जमीनही घालवली आणि नालाही बिघडवला. मी रोज फोन करायची. रोज ढासळलेल्या काठाचे फोटो यायचे. ऑफिसात मी पंख्याखाली बसून घामाघूम व्हायची.

मग तो दिवस आला. दुपारी आभाळ डोंगराकडे काळंनिळं झालं आणि मोहखेडातला एकही फोन लागेना. मी साहेबांना न विचारताच गाडी काढली. घाट उतरताना समोरच्या काचेतून काही दिसत नव्हतं. गावात पोचले तर बस्तीतली बहुतेक माणसं ग्रामपंचायतीच्या व्हरांड्यात, गाठोडी घेऊन बसलेली. मुलं रडत होती. मी पंचफुलाबाईंना शोधू लागले. कुणीतरी म्हणालं, त्या वरच्या वळणाकडे गेल्यात.

त्या छत्री धरून उत्तमरावांच्या बांधावर उभ्या होत्या. छत्रीचा उपयोग नव्हता, त्या नखशिखांत भिजल्या होत्या. मी त्यांच्या शेजारी उभी राहिले.

पाणी आलं ते लालभडक, झाडं-काटक्या घेऊन. पहिल्या वळणावर आपटलं, वर चढलं आणि मला वाटलं, आता हे वळण तोडून सरळ जाणार. पण ते उतरत्या काठावर चढलं आणि गवतात पसरलं. दुसऱ्या वळणावर आणखी पसरलं. फेस विरला. मोठं लाकूड वाहत आलं होतं ते गोल फिरून एका जागी थांबलं. पाणी चढतच होतं, पण आता ते धावत नव्हतं, चालत होतं.

पलीकडून उत्तमराव ओरडत होते. "मॅडम! कपाशी गेली माही! धा तास गेले! हे तुमी सांगतलं नव्हतं!"

मी सांगितलं होतं. पण ती ओरडायचीच वेळ होती, मी ओरडू दिलं.

आम्ही बस्तीकडे धावलो. पाणी विहाराच्या पायऱ्यांशी आलं होतं. खालची पायरी बुडाली. सगळे बघत उभे राहिले. पुढची पायरी ओली झाली, उघडी पडली, पुन्हा ओली झाली. अंधार पडायच्या आत ते खाली सरकू लागलं.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कुणी माझे आभार मानले नाहीत. पंचफुलाबाईंनी छत्री मिटली आणि विचारलं, "उद्या पुन्यांदा आलं तं?"

"आलं तर बघू," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? अमुक इतका पाऊस झाला तर घर सुरक्षित, असं छातीठोक सांगणारा अभियंता मी अजून पाहिलेला नाही. पण दसऱ्यानंतर त्यांनी घरामागची ताडपत्री काढून तिथे भिंत पुन्हा बांधली, विटांची. आणि बकरी आणली.

फायदे हळूहळू, न सांगता आले. उत्तमरावांची विहीर पूर्वी संक्रांतीला तळ दाखवायची. आता तिला उन्हाळ्यातही पाणी राहतं. हे त्यांनी मला कधीच सांगितलं नाही. वत्सलाबाईंनी सांगितलं, तेही हळूच, जणू नवऱ्याची चुगली करत होत्या. डोहात मासे आले, माशांमागे बगळे आले, खंड्या आला. वाळ्याची मुळं काठ धरून बसली. बस्तीतला हातपंप, ज्याचं पाणी गढूळ यायचं, तो सुधारला. आणि गावातले एक निवृत्त गुरुजी तक्रार घेऊन थेट ऑफिसात आले. "मॅडम, बेडकं. पावसाळाभर डोळा लागत नाही. याचा काही बंदोबस्त?" मी त्यांना चहा पाजला. इतक्या वर्षांच्या नोकरीत मला मिळालेली ही सर्वांत आवडती तक्रार.

वामनराव मात्र परत आले नाहीत. मी एकदा फोन केला होता. "घर बरं हाये का तठी?" त्यांनी विचारलं. मी बरं आहे म्हटलं. "असू द्या," ते म्हणाले. मुलं तिकडच्या शाळेत रुळली होती.

मी निवृत्त झाले. गोष्ट इथे संपली असती तर मला गच्चीवर येरझाऱ्या घालाव्या लागल्या नसत्या. पण नाला एका वावरात संपत नाही. या उन्हाळ्यात उत्तमरावांचा फोन आला. "वरतं गनेशनं मशीन आनली. नाला सरय करून राह्यला. या तुमी."

"मी आता खात्यात नाही," मी म्हटलं. "माझं कोण ऐकणार?"

"माहंही कोन आयकून राह्यलं? या."

गणेश हा उत्तमरावांच्या वरच्या बाजूचा तरुण शेतकरी. मका लावतो, मेहनती आहे. मी पोचले तेव्हा पोकलेन काठावर घरघरत उभं होतं आणि उत्तमराव त्याच्यासमोर, हातात काठी, टोपी कुठेतरी पडलेली.

"तुमीच नवता का केला सरय?" गणेश तावातावानं विचारत होता. "तुमी केलं तं चाललं, मी केलं तं काऊन नाही?"

"चाललं? कोनं सांगतलं तुले चाललं? माहा काठ गेला, निंब गेला, ह्या बाईचं घर गेलं. तू शायेत व्हता तवा. म्या केलं म्हनून तं सांगून राह्यलो बे!"

'ह्या बाई' म्हणजे पंचफुलाबाई. त्या बस्तीतल्या पाचसहा बायकांना घेऊन आल्या होत्या. जिथून मशीन खोदणार होतं तिथेच त्या बसल्या आणि डबे सोडले. भांडण नाही, घोषणा नाही. भाकरी, ठेचा, कांदा. ऑपरेटरनं इंजिन बंद केलं आणि तो सावलीत जाऊन बसला. पंचफुलाबाईंनी त्यालाही भाकरी दिली. मग गणेशलाही पुढे केली.

"मले नको," तो म्हणाला.

"खाय रे. भांडाले ताकत लागते."

त्यानं घेतली. उभ्यानंच खाल्ली. खाता खाता मला विचारलं, वळण ठेवलं तर ट्रॅक्टर कसा फिरवायचा. हा प्रश्न खरा होता आणि त्याला उत्तर होतं: तास नाल्याकडे तोंड करून न काढता आडवे काढायचे, टोकाला गवताचा पट्टा सोडायचा, तिथे ट्रॅक्टर वळतो. मी काटकीनं मातीत काढून दाखवलं. तो बसला. उत्तमरावही बसले. शेवटी गणेश म्हणाला, "मॅडम, मंग काठ कोठून उतरता कराचा ते आखून द्या. पन माही जमीन जास्त खाऊ नका."

मला आखायचा अधिकार उरलेला नव्हता. उत्तमरावांनी घरून फक्कीचं पोतं आणलं. मी पदर खोचला आणि जुन्या गोट्यांच्या रांगेनं पांढरी रेघ टाकत निघाले. गणेश माझ्यामागून येत होता आणि पायानं ती नाल्याकडे सारत होता. पंचफुलाबाई त्याच्यामागून येत होत्या आणि तीच रेघ पायानं परत वावराकडे ओढत होत्या. असं करत आम्ही वळणाच्या टोकापर्यंत पोचलो. रेघ वेडीवाकडी झाली होती, पण वळण होतं.

ऑपरेटर उठला, हात झटकले, वर चढला. मी बाजूला झाले. त्यानं ठरवलं असतं तर एका दुपारात तो सरळ निघून गेला असता. आम्ही सगळे मिळून त्याला काय करणार होतो? इंजिन सुरू झालं. धूर निघाला. बकेट वर गेली आणि तिथेच थांबली. गणेश मशीनकडे बघत होता, आम्ही सगळे गणेशकडे. त्यानं पांढऱ्या रेघेच्या वळणाकडे डावा हात लांब केला.

पोकलेन वळलं.